गाण्यातली किंकाळी

आमच्या घरात एक रॉक गाणं जन्माला आलं आणि त्याच्या मध्यावरची किंकाळी माझी आहे. हे मी अभिमानानं सांगते. (मी तिसगावजवळच्या एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, हे जरा हळू सांगते.)

गाणं माझ्या थोरल्या भावाचं. विजयदादा चर्चमध्ये गिटार शिकला आणि कॉलेजात गेल्यावर केस वाढवून रॉक गाऊ लागला. एका दुपारी घरातच टेपवर गाणं भरायचं ठरलं. मी तेव्हा शाळकरी होते आणि मला दादाची सक्त ताकीद होती. "सुने, आवाज करायचा न्हाई. कोपऱ्यात गप बसायचं."

कोपऱ्यात बांबूचं एक डालं पालथं घातलेलं होतं. मी आज्ञाधारकपणे त्यावर बसले. डाल्याखाली आईची खुडूक कोंबडी अंडी उबवत होती, हे मला डालं मोडल्यावर कळलं. कोंबडीनं चोच कुठं मारली, ते मुख्याध्यापिकेला लिहिता येत नाही. मी किंचाळले. कोंबडीही किंचाळली.

दादा गायचा थांबला नाही. नंतर टेप ऐकून म्हणाला, "लई भारी निघालंय. ह्ये असंच ठिवायचं."

गाणं या कॅसेटवरून त्या कॅसेटवर उतरत पार सोनईपर्यंत गेलं. आता ते मोबाईलवर फिरतंय आणि तरुण पोरं त्याला क्लासिक म्हणतात. जाणकारांच्या मते ती किंकाळी म्हणजे प्रेमभंगाची वेदना आहे. कोंबडीला ते गिटारची करामत समजतात.

मागच्या हिवाळ्यात नगरच्या एका कॉलेजानं दादाला बोलावलं.

"सुने, तू येच. पोरांना किंकाळी पायजे."

"दादा, तिथं माझ्या शाळेतले पालक असतील."

"मग त्यांना बी कळू दे, मॅडम काय चीज हाय."

इथं मी फसले. (कुणी स्तुती केली की माझं डोकं चालत नाही.) कडक इस्त्रीची साडी नेसून स्टेजवर उभी राहिले. गाणं मध्यावर आलं, ड्रम थांबले, दादानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. डॉक्टरला घसा दाखवताना निघतो तेवढाच आवाज निघाला. "आ."

दादानं कडवं पुन्हा वाजवलं. मी पुन्हा "आ". मागच्या रांगांत खसखस पिकली. दादाच्या टकलावर घाम चमकायला लागला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमची म्हातारी आई उठली. सावकाश पायऱ्या चढून आली आणि तिनं माझ्या हातातला माईक घेतला.

"पोरांनो, ही अशी वरडत नसती. त्या दिशी ही माझ्या खुडूक कोंबडीवर बसली हुती. कोंबडीनं हिच्या बुडाला..."

"आईऽऽऽ!"

तीच किंकाळी. तोच सूर. दादानं गिटारची तार अशी छेडली की सगळं सभागृह उभं राहिलं. गाणं संपेपर्यंत आई जागची हलली नाही. मग माईकमध्ये म्हणाली, "आन् माझी समदी अंडी फुटली, त्ये मातर कुनी सांगत न्हाई." सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या.

सोमवारी शाळेत सातवीच्या वर्गात गोंधळ चालला होता. मी दारात उभी राहून ओरडले, "गप्प बसा!" पोरांनी कडाडून टाळ्या वाजवल्या.

आणि रागवायचं सोडून मी कमरेत वाकून नमस्कार केला.