बंधाऱ्यातली जलपर्णी

पाड्याखालच्या बंधाऱ्यात पहिलं रोप दिसलं तेव्हा त्याचं जांभळं फूल सगळ्यांना आवडलं. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. लग्नाआधी भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला होते तेव्हा भट्टीमागची नदी याच रोपाखाली गडप झालेली मी पाहिली होती. देठ मोडून पाहिला. फुगलेला, आत स्पंजासारखा. जलपर्णीच.

"आत्ताच काढू," मी म्हटलं.

"एवढंसं तर आहे," नवरा हसला.

उन्हाळ्यापर्यंत जलपर्णीनं अर्ध्याहून जास्त पाणी झाकलं. एका सकाळी नवऱ्यानं सोडलेले रोहू-कटला मासे वर येऊन तोंडं उघडून हवा गिळायला लागले. तो जीप पकडून मोखाड्याला गेला आणि तणनाशक घेऊन आला. दुपारी पाठीवर पंप चढवून काठावर उभा राहिला.

बांधाच्या पायथ्याशी बंधाऱ्यातलं पाणी झिरपून भरणारा झिरा आहे. अख्खा पाडा त्यातलंच पाणी पितो.

"फवारू नको. हे खाली झिऱ्यात उतरतं."

"मग मासे मरू देऊ?"

"सगळी एकदम मरून कुजली तरी मासे मरतीलच. नदीत पाहिलंय मी."

"सरक."

मी सरकले नाही, पाण्यात उतरले. कमरेपर्यंत पाणी, खाली गाळ, मांड्यांना मुळ्यांचा विळखा. त्यानं नळी उचलली.

"बाहेर ये. अंगावर उडेल."

"उडू दे."

तो काय करेल, मला खरंच कळत नव्हतं. तेवढ्यात सासू भरलेला हंडा घेऊन झिऱ्यावरून वर आली. तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि हंडा त्याच्या पायाशी ठेवला.

"आधी यात मार," ती म्हणाली.

मग त्यानं पंप उतरवला आणि कोयता घेऊन बांबू तोडायला निघून गेला.

संध्याकाळी बांबू एकमेकांना बांधून, दोन्ही काठांवरून दोर ओढत आम्ही जलपर्णी एका कोपऱ्यात लोटली. शेजारीही आले. तुकडे मागे राहू नयेत म्हणून रोपं मुळांसकट उचलली आणि पावसात वाहून परत येणार नाहीत इतकी वर माळावर टाकली. काम कित्येक दिवस चाललं. त्या दिवसांत बरेच मासे मेले. नवरा माझ्याकडे पाठ करून ते टोपलीत गोळा करायचा.

उरलेले जगले. पाणी आता मोकळं आहे, तरी काठच्या गवतात अधूनमधून एखादं रोप सापडतं. परवा एक त्यालाच दिसलं. गुडघाभर पाण्यात शिरून त्यानं ते उपटलं, मुळं नीट तपासली आणि उन्हात खडकावर टाकलं.