कोंबड्यालाही ऊन लागतं

आमच्या घरात काही बिघडलं की आधी बाईच्या जातीला बोल लावायची रीत आहे, आणि ती माणसांपुरती नाही. दूध आटलं तर म्हैस हट्टी, दही लागलं नाही तर सून वेंधळी, आणि पिल्लं निघाली नाहीत तर कोंबडी खोटी. हे मी रागानं लिहितेय असं कुणाला वाटेल. रागानंच लिहितेय.

सेनगावपासून जीपनं थोडं आत आमचं गाव. शेती सोयाबीन-तुरीची, आणि अंगणातल्या गावरान कोंबड्या सासूबाईंच्या. त्यांचा कोंबडा हिंगोलीच्या बाजारातून पारखून आणलेला. तांबडा, तुरेबाज, आणि चालीत अशी ऐट की सातबारा त्याच्याच नावावर असावा. सासूबाई त्याला लाडानं 'राजा' म्हणायच्या. माझ्या नवऱ्यालाही त्या 'राजा'च म्हणतात. "राजा, खाऊन घे रे" अशी हाक आली की दोघंही स्वयंपाकघराकडं निघायचे.

चैत्र सरता सरता एक पिवळी कोंबडी खुडूक झाली. खुडूक म्हणजे अंडी द्यायचं सोडून ती उबवायचंच मनावर घेतलेली. फुगून बसते, जवळ गेलं की टोचते. सासूबाईंनी टोपलीत भुसा घातला, विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून त्यात एक लोखंडी खिळा ठेवला आणि अंडी मांडून तिला बसवलं. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता, पण खिळ्याचा बंदोबस्त चोख होता. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजून निघावा. पिवळी तीन आठवडे चोच उघडी टाकून, धापा टाकत बसली. एकही अंडं फुटलं नाही.

"वांझ हाय ही," सासूबाई म्हणाल्या.

मी भाकरी थापत होते. हात थांबला. माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. दर महिन्याला त्या मला हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन जायच्या. डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणायच्या, पुढच्या खेपेला मिस्टरांना आणा. सासूबाई दर वेळी म्हणायच्या, "त्याला काय धाड भरली? चांगला खाऊन-पिऊन राहिला." आणि पुढच्या खेपेला पुन्हा आम्ही दोघीच.

"रोज अंडं देत होती, तरी वांझ?" मी बोललेच.

"अंडं दिलं म्हून काय झालं? पिल्लू कुटं हाय?" त्यांनी लगेच निकाल दिला. नणंदेचे मालक येणार होते. जावयासाठी पिवळीचा रस्सा करायचा.

तेवढ्यात काळी कोंबडीही तशीच रिकामी उठली. तीही त्याच सुमारास बसवलेली. सासूबाई ओसरीवर बसून मिसरी लावत म्हणाल्या, "घ्या, दोन वांझ झाल्या घरात."

"तीन म्हणा की," मी म्हणाले.

त्यांचं बोट तोंडातच राहिलं.

शेजारची खाला भिंतीपलीकडून आमचं सगळं ऐकायची आणि हे तिनं कधी लपवलंही नाही. तिच्या घरी पिढ्यानपिढ्या कोंबड्या. ती पदर सावरत आली, उकिरड्यावर टाकायला काढलेलं एक अंडं उचललं आणि म्हणाली, "वाकळ आणा अन् मोबाइल आणा." वैशाखातल्या भर दुपारी आम्ही तिघी एका वाकळेखाली डोकी घालून बसलो. घामानं आमचीच अंडी उबली असती. खालानं मोबाइलच्या बॅटरीवर अंडं धरलं. ते सगळं पिवळसर उजळलं. आत काहीच नव्हतं.

"पिल्लानं जीव धरला असता तर लाल शिरा दिसल्या असत्या. धरून मेलं असतं तर काळा डाग दिसला असता. हे तर कोरंच हाय," खाला म्हणाली. "कोंबडीचा काय कसूर न्हाई, बाई. कोंबड्याकडूनच काई आलं न्हाई."

सासूबाईंनी वाकळ भिरकावली. "माझ्या राजाला नाव ठिऊ नको! काय कमी हाय त्याच्यात?"

नेमका त्याच वेळी माझा नवरा दारातून आत येत होता. तो उंबऱ्यावरूनच माघारी फिरला.

खाला काही हटली नाही. "बांग देतो म्हून काय झालं? गळा येगळा अन् जोर येगळा. एवढ्या उन्हात कोंबड्याचं बीज पातळ पडतं. कोंबडीकडं फिरकत बी न्हाई तो. ऊन उतरू द्या, वर महिना-दीड महिना जाऊ द्या, मंग बराबर व्हतंय सगळं."

आम्ही कोंबड्याकडं बघितलं. तो रांजणाखालच्या ओल्या मातीत पंख पसरून पडला होता. कोंबड्या त्याच्या पुढून गेल्या, मागून गेल्या, तो डोळासुद्धा उघडेना. सासूबाई दिवसभर त्याच्यावर पाळत ठेवून बसल्या. शेवटी जावयाला रश्श्याऐवजी वांग्याची भाजी मिळाली.

मग कोंबड्याची सेवा सुरू झाली. खुराड्यावर ओली पोती, गार पाणी, चिरलेला कांदा. एक दिवस घरातला कूलरही खुराड्यापुढं लागला. नवरा घामाघूम होऊन विचारायला लागला, "आई, कूलर काहून नेला?"

"त्याला गरज हाय."

"अन् मला न्हाई का?"

सासूबाईंनी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "कोणाला ठाव," म्हणाल्या.

पाऊस पडून गेला, हवा निवली. कोंबडा पुन्हा कोंबड्यांच्या मागं धावायला लागला. भादव्यात पिवळी परत खुडूक झाली. टोपली तीच, भुसा तसाच, बसणारीही तीच. या वेळी दोन सोडून सगळी अंडी फुटली. मला इतका आनंद झाला की मी खालाला हाका मारत अंगणात पळत गेले. सासूबाई टोपलीपुढं उकिडव्या बसल्या होत्या. पिल्लं पिवळीच्या पंखांतून डोकी काढत होती.

"लई बदनाम केलं गं माय तुला," सासूबाई हळूच म्हणाल्या. मी मागंच उभी होते, पण त्या बघत होत्या कोंबडीकडं.

संध्याकाळी नवऱ्याला वाढता वाढता त्या म्हणाल्या, "उद्या तुमी दोघं जा हिंगोलीला. मी न्हाई येत."

"माझं काय काम तिथं?"

"ते कोंबड्याला इचार," त्या म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भाकरी टाकली.

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही दोघं हिंगोलीला गेलो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला बाहेर थांबायला सांगितलं. मी बाकावर पाय लांब करून बसले आणि फुटाण्याची अख्खी पुडी एकटीनं संपवली.