सात वाजता थांबणारी पवनचक्की

"साइट परत डाऊन," देसाईसाहेब फोनवर म्हणाले. "आठवड्यात चौथ्यांदा. ती पवनचक्की काढो ने भाई, डिझेल जनरेटर बसवून टाका."

"दोन दिवस द्या, साहेब."

मी सुरतेत मोबाइल टॉवरच्या वीजपुरवठ्याचं काम बघतो. ही साइट हजीऱ्याच्या पलीकडे, खाडीकाठच्या मिठागरांत. तिथे विजेची लाइन नाही, म्हणून हायब्रिड: दिवसा सोलर, संध्याकाळपासून समुद्राच्या वाऱ्यावर छोटी पवनचक्की, आणि वीज साठवायला बॅटऱ्या. बॅटऱ्या जुन्या होत्या. वाऱ्याची भर पडली नाही की टॉवर पहाटे बंद. मागच्याच आठवड्यात सकाळी एक मजूर बंधाऱ्यावरून पडला, तर ॲम्ब्युलन्सला फोन लावायला लोकांना रेंजसाठी पार रस्त्यापर्यंत धावावं लागलं.

साइटचा डेटा ऑफिसात दिसतो. वारा पडला की चक्कीचा वेग हळूहळू उतरतो. इथे मात्र रोज सातच्या सुमारास एकदम शून्य. वारा घड्याळ बघून पडत नाही. म्हणजे कोणीतरी ब्रेक लावत होतं. ब्रेक म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पाती थांबवायचा स्विच.

तिथे माणूस एकच, वॉचमन रामदासआप्पा. साक्रीकडचे. मीही त्याच तालुक्यातला, पण ड्युटीवर सगळे हिंदीच बोलतात, तसे आम्हीही.

न कळवता पाच वाजता पोचलो. चक्की छान फिरत होती. आप्पांनी केबिनमध्ये चहा केला. सात वाजले तसे ते चुळबुळ करू लागले.

"साहब, आप निकलो. अंधेरा होगा."

"थोडा बैठता हूँ."

आणखी दहा मिनिटं गेली. मग ते उठले आणि माझ्यादेखत स्विच खाली केला. पाती थांबली. तेव्हा कळलं, इतका वेळ केबिन गुणगुणत होती. चक्कीच्या खांबाचा क्लॅम्प केबिनच्या भिंतीलाच बोल्टने आवळलेला. सगळी थरथर भिंतीत उतरायची. 

"आप्पा, ये क्या?"

ते खाली बघत अहिराणीत म्हणाले, "मायना आवाज ऐकू येस नही, भाऊ."

गावाकडे त्यांच्या आईला दीड वर्षापूर्वी लकवा झाला होता. आवाज अगदी बारीक उरला होता. केबिनच्या गुणगुणीत तो फोनवर ऐकू यायचा नाही, आणि बाहेर वाऱ्यात तर काहीच नाही. आप्पांची बायको सातच्या सुमारास फोन लावून तिच्या कानाशी धरायची. म्हातारी दोन-चार शब्द बोलायची, मग तिचा डोळा लागायचा. आप्पा फोन तसाच चालू ठेवून तिचा श्वास ऐकत पडायचे. दिवसभर उन्हात फिरलेला माणूस, त्यांनाही झोप लागायची. ब्रेक सकाळी आठवायचा. ज्या टॉवरवरून ते आईशी बोलायचे, त्याचीच वीज ते बंद करत होते.

"नोकरी जाई का, भाऊ?"

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. ते बोलले, आणि काय वाटलं कोण जाणे, फोन माझ्या हातात दिला.

"कोन शे?" पलीकडून जेमतेम ऐकू आलं.

मी गावाचं नाव सांगितलं. बराच वेळ नुसता श्वास. मग, "जेवना का रे?"

माझी माय जाऊन अकरा वर्षं झाली. बायको सुरतेतच वाढलेली, मुलं घरात गुजराती बोलतात. माय गेल्यापासून हे मला अहिराणीत कोणी विचारलं नव्हतं. "जेवनू, माय," मी म्हणालो. जेवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी फिटर घेऊन आलो. क्लॅम्प भिंतीवरून काढला, बाहेर वेगळा पाया करून खांबाला तिथे आधार दिला. मध्ये रबर घातलं. चक्की जोरात असतानाच आप्पांना केबिनमध्ये बसवून फोन लावायला सांगितलं. ते बोलत राहिले. हात स्विचकडे गेला नाही.

रिपोर्टमध्ये लिहिलं: क्लॅम्प चुकीच्या जागी, केबिनमध्ये कंपन, त्यामुळे ब्रेक हाताने लावला जात होता.

"कोण लावत होतं?" साहेबांनी विचारलं.

"आपण, साहेब. क्लॅम्प आपणच तिथे बसवला होता."

त्यांनी रिपोर्ट ओढून घेतला आणि सही केली. साइट त्यानंतर डाऊन गेली नाही. डिझेलचा विषय निघाला नाही.

माझ्या चेकलिस्टमध्ये आता एक ओळ वाढली आहे: चक्की चालू असताना वॉचमनच्या खोलीत बसून फोनवर बोलून पाहणे. प्रत्येक नव्या साइटवर मी ते स्वतः करतो. अहिराणीत बोलावं असा एकही नंबर माझ्याकडे उरलेला नाही, म्हणून कस्टमर केअरला लावतो.