मिस्त्रीचा कान

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या लोणच्याच्या इलेक्ट्रिक व्हॅनचं पुढचं, वळताना चाकांचा वेग जुळवणारं डिफरन्शियल चांगलं होतं.

व्हॅन वळताना आवाज करू लागली म्हणून मी ती नारायणगुड्याच्या एका मिस्त्रीकडे नेली. तो मशीन लावून तपासत नाही. गिऱ्हाईकालाच गाडीचा आवाज तोंडाने काढायला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो.

"शरमाओ नक्को साब. मुडते वखत कैसा रोती?"

मी भर रस्त्यात "खडाक्-गुर्रर्र" केलं. तो दु:खाने मान हलवत म्हणाला, "हौ. डिफरन्शियल गया."

नवं डिफरन्शियल बसत आलं तेव्हा मला सीटखाली मसाला कुटायचा बत्ता सापडला. वळणावर तोच गडगडत होता. मिस्त्री गाडीखाली घामाने निथळत होता. मी बत्ता गुपचूप पिशवीत टाकला.

गाडी मुकी धावली, तसा तो माझ्या गळ्यातच पडला.

जुनं डिफरन्शियल आता त्याच्या दुकानात स्टुलावर, हार घालून ठेवलंय. कुठलीही इलेक्ट्रिक व्हॅन आली की तो आधी डिफरन्शियलच उतरवतो. गिऱ्हाईक कुरकुरलं तर मला फोन लावतो. "साब, जरा बोलो इनकू!"

मी "हौ, बराबर" म्हणतो.

मिस्त्रीला खरं सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंय.