घशातला नमुना

स्वाइन फ्लूच्या साली माझी धाकटी जाऊ गेली. सातवा महिना चालू होता तिला. न्यूमोनियाने गेली, असं सासूबाई सांगतात. तिच्या मुरबाडच्या आईलाही त्यांनी तेच सांगितलं. खोटं आहे ते.

तिला ताप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाई दारात आल्या. घरोघर ताप-खोकला विचारत फिरत होत्या. जावेला बघून म्हणाल्या, हिला आजच शहापूरला न्या, घशातला नमुना घेतील, पॉझिटिव्ह आली तर लगेच गोळ्या सुरू होतील.

सासूबाईंनी ‘पॉझिटिव्ह’ तेवढा एकच शब्द धरला. आमच्याकडे तो हायवेवरून आला होता. काही वर्षांपूर्वी गावातला एक ट्रक ड्रायव्हर पॉझिटिव्ह निघाला, तर त्याच्या बायकोला विहिरीवर कुणी येऊ देईना. तेव्हापासून पॉझिटिव्ह म्हणजे एड्स, तो एकच रोग.

“आमच्या घरात तसलं नाय काय. सून माझी उंबरा सोडून जात नाय,” सासूबाई म्हणाल्या.

नर्सबाईंनी समजावलं, हा आजार वेगळा, शिंकेतून येतो.

“शिंकेतून? मंग आधी तुमचाच घसा तपासा बाय. दारोदार तुमीच फिरता.”

दीर हसला. सासूबाईही हसल्या. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. नर्सबाईंचं म्हणणं मला पटलं होतं, पण मी चुलीपाशी गप्प उभी राहिले. त्याचाही येतो.

सहाव्या दिवशी तिचे ओठ निळे पडले तेव्हा कुठे जीप बोलावली. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात श्वास देणारं एकही मशीन रिकामं नव्हतं. डॉक्टर दिराला म्हणाले, “सगळे असेच शेवटी आणता. वेळेवर तपासून गोळ्या दिल्या असत्या, तर यातल्या कितीतरी जणांना मशीन लागलंच नसतं. मग हिला मिळालं असतं.”

दुपारी दुसऱ्या कुणाचं माणूस गेलं, तेव्हा एक मशीन मोकळं झालं. ते तिला लावलं. उशीर झाला होता. दोन दिवसांत ती पोटातल्या जिवासकट गेली.

घरी सुतक चालू असतानाच मला ताप चढला. नर्सबाई पुन्हा आल्या. सासूबाई दारात पाय पसरून बसल्या आणि मला म्हणाल्या, “तू हलायचं नाय गो. एक बदनामी पुरे झाली.”

मोठ्या माणसाचे पाय ओलांडत नाहीत. मी ओलांडले आणि नर्सबाईंबरोबर शहापूरला गेले.