डाव्या दाराची मोटर

थोरल्या जावेला विचारलंत ना, की बाई, तुला धाकटीचा राग का येतो, तर ती म्हणेल, "राग? मला? छे!" आणि हातातलं भांडं असं आदळेल की खालच्या मजल्यावर ऐकू जावं. खरं सांगायचं तर ती जळत होती. सासूबाई राहायच्या तिच्याकडे. पथ्यपाणी, गोळ्या, रात्रीचं पाय चेपणं, सगळं तिनंच करायचं, आणि दर आठवड्याला गुडघ्याच्या व्यायामाला मात्र त्या निघायच्या धाकटीच्या गाडीतून.

निमित्त झालं काचेचं. थोरलीच्या जुन्या गाडीत सासूबाई पुढे बसत, त्या डाव्या दाराची काच चढवणारी-उतरवणारी मोटर जळली आणि काच वरच अडकून बसली. "बंद काचेत गुदमरतं गं मला," म्हणत सासूबाईंनी धाकटीला फोन लावला. ती काय, टपलेलीच होती! परत येताना दोघी जिन्यातून हसत वर यायच्या, आणि इकडे थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढं हसण्यासारखं गुडघ्यात असतं तरी काय?

मेकॅनिक म्हणाला, "या गाडीची नवी मोटर आता येत नाही. भंगारवाल्याकडे जुनी मिळेल. पण गाडी हीच हवी आणि दार डावंच हवं."

"मला डावं-उजवं शिकवू नका," थोरली फणकारली. शाळेत कवायत शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. आता कवायत घेणाऱ्यांचं असं असतं की त्या मुलांसमोर तोंड करून उभ्या राहतात; म्हणायचं 'डावा' आणि उचलायचा आपला उजवा, म्हणजे पोरं आरशात बघावं तशी नक्कल करतात. थोरलीचं तेच झालं. भंगारात तिच्या गाडीसारखीच गाडी सापडली, पण उभी होती पाठमोरी. थोरली मागून ठसक्यात म्हणाली, "डावं दार!" आणि सवयीनं हात केला उजवीकडे. भंगारवाल्यानं बोलण्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवला.

मेकॅनिकनं मोटर लावून पाहिली. एक भोक जुळेल तर शपथ. "ताई, ही उजव्या दाराची आहे."

धाकटीला कळलं असतं तर तिनं दिवसभर फिदीफिदी हसून घेतलं असतं. थोरली कुणाला न सांगता तशीच माघारी गेली. भंगारवाल्याला हसू आवरेना, पण माणूस भला. त्यानं डावं दार खोलून मोटर बदलून दिली. ती अगदी चपखल बसली. बटण दाबलं की काच सर्रकन खाली, सर्रकन वर. थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं लगेच धाकटीला फोन केला आणि आवाजात साखर घोळून म्हणाली, "तू नको गं येऊ आता. उगाच तुला हेलपाटा."

व्यायामाच्या दिवशी सासूबाई पुढे बसल्या. थोरलीनं ऐटीत बटण दाबून डावी काच पार खाली केली. वारा आत घुसला. आता ह्या हसतील, मग हसतील, म्हणून ती वाट बघत राहिली. सासूबाई केस सावरत समोर बघत होत्या.

"काही म्हणालीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही, काही नाही."

"मग ती काच लाव बाई. वाऱ्यानं काही ऐकू येत नाही मला."

"अहो, पण तुम्हाला तर गुदमरतं ना बंद काचेत?"

"धाकटीकडे बंदच असते की," सासूबाई सहज बोलून गेल्या, मग जीभ चावली आणि रस्त्याकडे बघू लागल्या.

थोरलीनं विचारलं, "मग तिच्याशी एवढं काय बोलता हो तुम्ही?"

"काय असं नाही. ती विचारते, मी सांगते. लहानपणी मला कोण आवडायचं, कशाची भीती वाटायची. वेळ जातो."

थोरलीनं काच वर केली. गाडीत शांतता झाली, सगळं ऐकू येईल अशी. आपणही काहीतरी विचारावं, धाकटीपेक्षा चांगलं, म्हणून तिनं खूप आठवून पाहिलं. बाजार मागे पडला, पूल आला, तरी सुचेना. शेवटी तिनं घसा खाकरला.

"गुडघा कसा आहे आज?"

"बरा आहे," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं डॉक्टरही विचारतात गं."