लिंबाचा वास

आपा पेशंटचं तोंड हुंगत. नाडी, बीपी, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा, हे सगळं नंतर. आधी स्ट्रेचरवर वाकायचं, पेशंटच्या ओठांपाशी नाक न्यायचं आणि उभं राहून सांगायचं, "देशी." किंवा "फिनाईल." किंवा "रॉकेल, उलटी करवू नका." भिवंडीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत त्या मोठ्या डॉक्टर होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची नर्स. त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण वॉर्डबॉयपासून ट्रस्टींपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत. पहिल्या दिवशी मला तर किळसच आली होती. दुसऱ्या आठवड्यात मीही हुंगायला लागले.

भांगेपुढे मात्र ते नाक चालत नसे. गांजाचा धूर कपड्यांना धरून बसतो, पण खाल्लेली भांग दुधात आणि वेलचीत लपते. "नशा एकच असते गं, माणसं वेगळी," आपा म्हणायच्या. एकाच लोट्यातली थंडाई प्यायलेले लोक आमच्याकडे यायचे आणि एकाचं दुसऱ्याशी जुळायचं नाही. तरणा हमाल छाती धरून ओरडायचा, "डॉक्टर, मैं मर रहा हूँ." त्याला त्या म्हणायच्या, "मरनेवाला इतना बोलता नहीं, बेटा. मेरे साथ साँस ले." यंत्रमागावरून निवृत्त झालेले एक म्हातारे उभे राहिले की कोसळत होते. सोबतची मंडळी हसत होती, चाचांना चढली म्हणून. आपांनी त्यांचा ईसीजी काढला, ठोके कुठे चुकताहेत ते पट्टीवर दाखवलं आणि हसणं थांबलं. वर्षानुवर्षं चिलीम ओढणारा एक जण उलट्यांनी हैराण होऊन यायचा आणि सांगायचा, गरम पाण्याखाली बसलं की तेवढं बरं वाटतं. त्याच्यावर त्यांनी कधी डोळे वटारले नाहीत.

डोळे वटारायच्या त्या आमच्यावर. एकदा वॉर्डबॉयने खिदळणाऱ्या पेशंटचं शूटिंग केलं, तर त्याचा मोबाईल ड्युटी संपेपर्यंत त्यांच्या एप्रनच्या खिशात राहिला. गर्दी झाली की त्यांचं एकच सांगणं असे: "ओरडतोय तो श्वास घेतोय. गप्प असेल त्याच्याकडे आधी जा."

त्या धुळवडीला दुपारी सगळेच ओरडत होते. रंगाने माखलेली माणसं, रडारड, कुणाची बायको नवऱ्याला शिव्या देतेय. त्यात राहनाळचं एक कुटुंब आलं. गोदामांचे मालक, ट्रस्टींच्या घरोब्यातले. वडिलांच्या खांद्यावर चार वर्षांची परी होती आणि ती एकदम गप्प होती. मी तिला उचलून घेतलं तर मान मागे लटकली. 

"काय न्हाय वो डॉक्टरीणबाय," तिची आजी म्हणाली, "रंग खेलली न झोपली. दमलीय पोर."

काय खाल्लं, असं आपांनी विचारलं. वरणभात. आणखी काही? न्हाय. पडली होती का? न्हाय. आई नुसती रडत होती. वडील दाराला टेकून मोबाईलकडे बघत होते. परीच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, श्वास उथळ होता. आमचे ज्युनियर डॉक्टर म्हणाले, डोक्याला मुका मार असेल, लगेच ठाण्याला पाठवू, स्कॅन होईल. अॅम्ब्युलन्स दारात आली. रस्ते धुळवडीने तुंबलेले, पोरीचा श्वास असा, आणि वाटेत तो थांबला तर गाडीत बघणारं कोण?

आपा वाकल्या. हुंगलं.  पुन्हा वाकल्या.

"हिला लिंबू कोणी पाजलं?"

 आजीने पदर तोंडाशी नेला.

"दमलेल्या पोराला आपण पाणी देतो, आजी," आपांचा आवाज खाली आला होता. "शुद्ध नसलेल्या पोराच्या तोंडात लिंबू कशासाठी पिळतात, ते तुम्हाला पण माहीत आहे, मला पण."

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भांग चढली की आंबट द्यायचं: लिंबू, चिंच, लोणचं. म्हणजे घरात कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळे वरणभात सांगत होते. मला इतका राग आला की हातातली सलाईनची बाटली आदळावीशी वाटली.

आपांनी मला परीला कुशीवर वळवायला आणि तोंडातलं मशीनने ओढून घ्यायला सांगितलं. मग त्या वडिलांसमोर उभ्या राहिल्या. "पोलिसांना मला कळवावं लागेल. तसं नाही म्हणून तुम्हाला फसवणार नाही. पण ते नंतर. आत्ता मला हिचा श्वास सांभाळायचाय. बोला."

"भांगेचे पेढे होते, आपा," तो माणूस पुटपुटला. "दोस्तांसाठी आणलेले. तिनं कधी घेतले, कळलंच न्हाय. माझी आई बोलली, लिंबानं उतरंल."

"लिंबू श्वासनळीत गेलं असतं तर पोरगी उतरली असती, कायमची."

आपांनी अंगभर तपासलं, कुठे मार नव्हता. अॅम्ब्युलन्स परत पाठवली. भांगेवर औषध नसतं, पहारा असतो. त्या परीच्या पोटावर तळहात ठेवून बसल्या. मध्येच ते पोट हलेनासं झालं. आपांनी तिच्या तोंडावर मास्क लावून श्वासाचा फुगा दाबायला घेतला, आणि मी मनातल्या मनात येतील तेवढे देव आठवले. बाहेर हलगी वाजत होती. पोट पुन्हा आपणहून हललं तेव्हा आपांच्या कपाळावरचा घाम मी पुसला. त्यांनी तळहात पुन्हा तिच्या पोटावर ठेवला.

दिवस मावळता मावळता परीने डोळे उघडले आणि म्हणाली, "मम्मी, वडापाव." आई तिच्यावर कोसळलीच.

मग ट्रस्टींचा फोन आला. घर चांगलं आहे, जेवणातून बाधा झाली असं लिहा, कुणाला कळतंय? आपांनी "जी" म्हणून ऐकून घेतलं आणि जे झालं होतं तेच लिहिलं. हवालदार आले तेव्हा परीच्या बापाशेजारी त्याच बसून होत्या. पुढच्या महिन्यात त्यांना कळवण्यात आलं की आता येण्याची तसदी घेऊ नये. एवढ्या वर्षांच्या कामाला निरोपाचा चहासुद्धा झाला नाही.

रिक्षापर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन गेले. न राहवून म्हटलं, "आपा, पोरगी तर वाचली होती. लिहिलं असतं बाधा, तर काय बिघडलं असतं?"

"घरात सगळ्यांनी तेच खरं मानलं असतं गं," त्या म्हणाल्या. "वरणभात बाधला. आणि पेढ्यांचा तो डबा पुढच्या धुळवडीला पुन्हा भरला असता."

रिक्षा गेली. परी मध्यंतरी मला बाजारात दिसली, आईचा हात सोडून पळत होती. आजी मागे होती. मला बघून थांबली, जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आमच्या घरात आता ते न्हाय येत, बाय. त्या डॉक्टरीणबायला सांग." मी हो म्हटलं. सांगणार कुणाला? आपा वारल्या त्याला तेव्हा दोन महिने झाले होते.